बाबांची हरकत

आमच्या बाबांनी आयुष्यात कशालाच हरकत घेतली नाही. गिरणी बंद पडली तेव्हा अख्खं लालबाग पेटून उठलं होतं, आणि बाबा घरी येऊन आईला म्हणाले, “हरकत नाय, बघूया.” पुढे एका पतपेढीत कारकुनी मिळाली, अर्ध्या पगारावर. हरकत नाय. मला बघायला आलेल्या बाईंनी चहात साखर कमी म्हणून तोंड वाकडं केलं, तर हेच उठून आतून साखरेचा डबा घेऊन आले. मी आईवर गेलेय. भाजीवालीने एक टोमॅटो किडका घातला तरी मी अर्ध्या रस्त्यातून परत जाते.

आई गेली, आणि मग लालबागची आमची चाळ पाडायची ठरली. नवी इमारत उभी राहीपर्यंत दुसरीकडे राहायला म्हणून बिल्डरने प्रत्येक घराला दोन वर्षांचं भाडं एकदम दिलं. मी बाबांना म्हटलं, एकटा जीव, खोली कसली शोधतोस? दादरला आमच्याकडे ये. आणि इमारत झाली तरी परत जायचं काय नडलंय? तिथला फ्लॅट भाड्याने देऊ, तू आमच्याकडेच राहा. ते म्हणाले, “हरकत नाय.” झालं, ठरलं. निदान माझ्या मते ठरलं. बाबा मात्र रोज चहा पिऊन बस पकडायचे, लालबागला समोरच्या फुटपाथवर उभं राहून इमारत बघायचे आणि परत येऊन सांगायचे, “आज वरच्या स्लॅबचा काम झाला.” सिमेंटात एवढं काय बघायचं ते त्यांनाच ठाऊक.

बिल्डरने त्या भाड्यातून कर कापला होता. तो परत मिळतो असं आमच्या ह्यांना कुणीतरी सांगितलं. म्हणून गिरगावात, खोताच्या वाडीजवळ बसणारे एक सीए गाठले आणि बाबांचं रिटर्न भरलं. खाजवून खरूज काढणं म्हणतात ते हेच. परतावा राहिला बाजूला, खात्याची नोटीस आली. तुम्हाला भाडं मिळालं, पण तुम्ही कुणालाच भाडं दिलेलं दिसत नाही, राहता मुलीकडे. तेव्हा ही सगळी रक्कम तुमचं उत्पन्न का धरू नये? हरकत असल्यास कळवा.

म्हणजे मी बापाकडून भाडं उकळलं असतं, तर बाप सुटला असता!

नोटीस गेली सीएंच्या ईमेलवर. त्यांच्या ऑफिसातल्या नव्या मुलीने बाबांना फोन केला. मी तेव्हा बाजारात होते. तिने विचारलं, “आजोबा, या रकमेबद्दल हरकत घ्यायची आहे का?” आता आमच्या घरात या प्रश्नाला दुसरं उत्तर जन्माला आलेलं नाही. बाबा म्हणाले, “हरकत नाय.” त्यांना म्हणायचं होतं, घ्या की, माझी ना नाही. तिने लिहून घेतलं, हरकत नाही. तसंच खात्याला कळवलं आणि तसाच आदेश आला. करदात्याची या वाढीस हरकत नाही, सबब एवढा कर भरावा.

मी सीएंच्या ऑफिसात गेले ती भांडायच्याच तयारीने. बाबांना बरोबर नेलं होतं. ते माझ्या मागे पिशवी धरून उभे, जणू चूक त्यांचीच. सीए सभ्य माणूस, पुस्तकातलं मराठी बोलणारा. त्यांनी आधी पाणी मागवलं.

“अपील करू,” ते म्हणाले. “अपील म्हणजे या आदेशाला आपली रीतसर हरकत.”

“हरकत घेतली की मागणी रद्द होते?”

“नाही.”

“थांबते तरी?”

“आपोआप नाही. काही रक्कम भरून बाकीची वसुली थांबवा अशी विनंती करता येते. न भरलेल्यावर व्याज चालू राहतं.”

“मग त्या हरकतीची काय आरती ओवाळायची?”

ते हसले नाहीत. म्हणाले, “हरकतीने प्रश्न सुटत नाही, ताई. प्रश्न उघडा राहतो. मुदतीत हरकत घेतली नाही, तर ते म्हणतात तेच कायमचं खरं.”

“आणि बाबांनी आधीच हरकत नाय म्हटलंय, त्याचं?”

“गैरसमजाने म्हटलं, हे मांडू. शिवाय जे मुळात उत्पन्नच नाही, ते कुणी हो म्हणाल्यामुळे उत्पन्न होत नाही.” मग त्यांनी खुर्ची बाबांकडे वळवली. “हे भाडं म्हणजे घर सोडावं लागल्याने झालेल्या हालअपेष्टांची भरपाई आहे, असं आपलं म्हणणं. तेव्हा आजोबा, काय काय हाल झाले ते सांगा. मी लिहून घेतो.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी सीएंकडे. हाल? माझ्या घरी? स्वतंत्र खोली दिली, पंखा नवा बसवला, औषधं डब्यात वार लिहून ठेवते, आणि मीच आता बापाला सांगू, सांग बाबा, माझ्याकडे तुझे कसे हाल होतात?

“तसा काय नाय, साहेब,” बाबा म्हणाले. “चेडू बरा बघता.” चेडू म्हणजे मी, त्यांची लेक.

“बाबा, सांग काहीतरी,” मी वैतागून म्हटलं. “हाल झाले नाहीत तर कर भरावा लागेल.”

तेवढं ऐकल्यावर ते खुर्चीवर टेकले, पिशवी मांडीवर घेतली आणि हळूहळू सांगायला लागले. पहाटे लवकर जाग येते, पण बटणाचा आवाज होईल म्हणून दिवा लावत नाहीत, अंधारातच बसून राहतात. जावयांची झोप मोडेल म्हणून रात्री फ्लश ओढत नाहीत. बांगडा भाजावासा वाटतो, पण शेजारचे नाक धरतील. दार सदा बंद असतं. बेल वाजवून कोण येणार, आणि कशाला? मला वाटलं संपलं. पण एक राहिलं होतं. “हय जेवान गावता, साहेब. पण ‘जेवलस काय?’ म्हणान कोण इचारणा नाय.”

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! मी दोन वेळा ताट वाढते, मग विचारायचं काय? सीए मान खाली घालून लिहीत होते.

“शेवटचा मुद्दा,” ते म्हणाले. “ही गैरसोय तात्पुरती आहे आणि ताबा मिळताच आजोबा लालबागला राहायला जातील, असं लिहू ना?”

“नाही, तसं नको,” मी म्हटलं. “ते आमच्याकडेच राहणार. तिथला फ्लॅट भाड्याने द्यायचाय. ठरलंय ते. हो ना बाबा?”

“हरकत आसा,” बाबा म्हणाले.

मला वाटलं, बोलताना शब्द चुकला. “काय?”

“माझी हरकत आसा, गो.” आवाज चढला नव्हता. नंतर लगेच त्यांनी टेबलावरचं पाणी माझ्यापुढे सरकवलं.

सीएंनी पेन थांबवलं होतं. मी म्हटलं, लिहा. काय लिहायचं ते लिहा.

अपील दाखल झालं. काही रक्कम भरली, बाकीची वसुली तूर्त थांबलीय. सुनावणी कधी, कुणाला माहीत नाही. खात्याच्या संगणकावर नुसतं ‘प्रलंबित’ दिसतं. आमच्या घरातलं मात्र प्रलंबित नव्हतं. मी आठवडाभर नीट बोलले नाही. पाचव्या मजल्यावर एकटा काय करशील, रात्री काही झालं तर, लोक मला काय म्हणतील, सगळं ऐकवून झालं. बाबा ऐकून घ्यायचे आणि सकाळी बस पकडायचे.

परवा ताब्याचं पत्र आलं. बाबांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“जाऊ मां?”

मी पोळी उलटली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि सगळं तोंडाशी आलं होतं.

“हरकत नाय,” मी म्हटलं.

बाबा तिथेच उभे राहिले. या दोन शब्दांत किती गिळलेलं असतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मग त्यांनी विचारलं, “तू जेवलस काय, गो?”