बाराची घंटा आणि माझी छडी

लोणावळ्याला सिस्टरांच्या शाळेत मी मराठी शिकवत असे. स्वभावाने मी तापट. घरी भांडी आपटायची, शाळेत छडी. कामावर घेतानाच मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "इथे छडी नकाशा दाखवायला आहे." मी मान डोलावली आणि पुढे मला हवं तेच केलं.

त्या शाळेत एक रीत होती. दुपारी बाराला प्रार्थनेची घंटा झाली, की जो जिथे असेल तिथेच उभा राही. माळी हातात झारी धरून, मुली हातात पाटी घेऊन. आम्ही हिंदू शिक्षिकाही गप्प उभ्या राहत असू. त्यांचा देव, त्यांची प्रार्थना. मी तेवढ्यात संध्याकाळच्या भाजीचा विचार उरकून घेई.

जवळच्या वलवण गावची एक मुलगी रोज उशिरा यायची. शाळा अकराची, ही पावणेबाराला दारात. "उद्या उशीर केलास तर छडी खाशील," असं मी तिला सगळ्या वर्गासमोर बजावलं. दुसऱ्या दिवशीही ती त्याच वेळेला आली. आता माघार घेतली तर चाळीस मुलींत माझी काय किंमत राहणार?

तास संपत आला तेव्हा मी तिला पुढे बोलावलं. "हात पुढे कर," मी म्हटलं.

तिनं केला. मी छडी उचलली आणि घंटा झाली.

वर्ग उभा राहिला. मोठ्या सिस्टर व्हरांड्यातून चालल्या होत्या, त्या आमच्या दारातच थांबून पुटपुटू लागल्या. माझी छडी वर, मुलीचा हात पुढे. छडी खाली घ्यावी हे मला सुचलंच नाही. समोर दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तिचा तळवा पाहिला. गवताच्या पात्यांनी तो जागोजाग चिरला होता, काही चिरा ताज्या होत्या. टांग्याच्या अड्ड्यावर घोड्यांसाठी गवताचे भारे घेऊन वलवणच्या बाया येतात, हे मी रोज बघत होते. या पोरीला मात्र उशीर का होतो, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच फार लाज वाटली.

प्रार्थना संपली. सिस्टरांनी छडीकडे एकदा पाहिलं आणि त्या पुढे गेल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मुलीचा हात अजून तसाच पुढे होता. ती हळूच म्हणाली, "बाई, हात भरून आलाय. मारताय का खाली घिऊ?"

"खाली घे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी हजेरी अकराला न घेता तास संपताना, बाराच्या घंटेआधी घेऊ लागले. तिचं नाव पुकारलं, की ती बाकावर असायची.