सतरा नंबरचं झाड

पाऊस अडवायचा पगार घेणारा माणूस कोकणात कुणी पाहिला नसेल. हारून साखरकर तो पगार घेत होता.

ताइफच्या वरच्या डोंगरात अरारची झाडं आहेत. लांबून सुरूच्या बनासारखी दिसतात. जवळ गेलं की खोडं पिळलेली, सालीच्या चिंध्या झालेल्या. अलीकडे ती शेंड्याकडून वाळू लागली होती. पाऊस आणखी कमी झाला तर त्यांचं काय होईल, हे पाहायला तिथे प्रयोग मांडला होता. भूमध्य समुद्राकाठच्या जंगलांत असे प्रयोग जुने आहेत, त्याच धर्तीवर. चाळीस झाडं. विसांना पडेल तेवढा पाऊस मिळायचा. उरलेल्या विसांखाली कमरेच्या उंचीवर पारदर्शक पन्हळी लावल्या होत्या. निम्मा पाऊस त्या झेलायच्या आणि उताराखाली सोडून द्यायच्या.

हारूनचं काम पन्हळी साफ ठेवायचं. माकडांनी मोडलेल्या जोडायच्या. दर रविवारी खोडांभोवतीच्या, वाढ मोजणाऱ्या पट्ट्यांवरचे आकडे वहीत उतरवायचे. झाडाला पाणी घालायचं नाही, हा पहिला नियम.

"घरी सांगू नकोस हां," नसरुद्दीन म्हणायचा. तो मंडणगडचा, पिकअप चालवायचा. "हारून सौदीला जाऊन झाडांच्या तोंडचं पाणी काढतो म्हटल्यावर तुझ्या पोरीला स्थळ यायचं नाही."

हारून हसायचा. पण पाऊस आला की तो पन्हळींकडे बघायचा नाही.

डोंगरावर नळ नव्हता. पाणी सकाळी कॅनमधून यायचं. दुपारची आणि दिवस कलतानाची, असरची, नमाज तिथेच व्हायची. नमाजआधी हातपाय धुवायला, वजूला, बसायला सपाट दगड एकच होता, पन्हळी लावलेल्या सतरा नंबरच्या मुळाशी. हारून पहिल्या दिवशी त्यावर बसला तो बसलाच. दाभोळ खाडीकाठच्या त्याच्या घरी आई सगळ्यांना माडाच्या आळ्यात वजू करायला लावायची. मोरीत सोडायला पाणी वर आलंय का, म्हणायची. तेव्हा हातपाय धुतलेलं पाणी मुळाशी जाणार, यात हारूनला काही वेगळं वाटलंच नाही. त्याच्या लेखी ते पाणी घालणं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी सोळा पिवळं पडलं. अठरा वाळलं. सतरा हिरवंगार. तेव्हा त्याला उमगलं.

"जावयाची तब्येत बरी दिसते," नसरुद्दीन सतराकडे बोट दाखवत म्हणाला. "काय खायला घालतंस त्याला?"

हारून वही काढून आकडे उतरवू लागला.

तिसऱ्या वर्षी सतराला निळी फळं धरली. प्रयोग विभावरीमॅडमचा होता. त्या रियाधला अल मलाझमध्ये राहायच्या, दोन महिन्यांनी एकदा यायच्या. हारूनशी मराठी बोलायला मिळतं म्हणून खूश असायच्या, त्याच्या डब्यातली तांदळाची भाकरी हक्काने खायच्या. त्यांनी सतराभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग फांद्यांवर फळांना कापडी पिशव्या बांधल्या.

"हारूनभाई, हे झाड वेगळं आहे. निम्म्या पावसात फळतंय. उद्या याचं बी काढून रोपवाटिकेत पाठवू. पाच वर्षांनी या सगळ्या उतारावर याचीच रोपं असतील."

हारूनने उताराकडे पाहिलं. मैलभर उघडा दगड. त्या रोपांजवळ वजू करायला कोण बसणार होतं?

त्याचा इकामा, तिथे राहायचा परवाना, दोन महिन्यांत संपत होता. नवा होणं मॅडमच्या शब्दावर होतं. गप्प बसला असता तर कुणाला कळणार नव्हतं. नमाजची वेळ झाली की मॅडम अदबीने लांब पिकअपकडे जायच्या. तीन वर्षांत त्यांनी त्याला वजू करताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नेहमीप्रमाणे निघाल्या.

"मॅडम, आज जाऊ नका," हारून म्हणाला. "इथेच थांबा जरा."

त्याने मग भरला. दगडावर बसला. हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं, पाय धुतले. पाणी दगडावरून घरंगळलं, मुळाशी गेलं आणि जिरलं. माती काळी झाली.

मॅडम त्या मातीकडे बघत राहिल्या.

"रोज?"

"रोज दोनदा. शुक्रवारी सुट्टी."

"किती पाणी?"

"हा मगभर. दीड लिटर."

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि पन्हळीला टेकल्या. "वर्षाला नऊशे लिटर. हारूनभाई, याला तुम्ही वेगळं आभाळच दिलंत की."

"पहिल्या वर्षी कळलं नाही."

"आणि नंतर?"

"नंतर कळलं. चार दिवस त्या पलीकडच्या खडकावर बसलो. पाचव्या दिवशी याच्याकडे पाठ करून बसवेना."

हारूनने नमाज पढली. शेवटचा सलाम फिरवला तेव्हा मॅडम फांद्यांवरच्या पिशव्या एकेक करून सोडत होत्या. घाई नव्हती. डोळे ओले होते की ऊन लागत होतं, कळायला मार्ग नव्हता.

"याला प्रयोगातून काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांचे आकडे गेले."

"आणि मी?"

"तुमच्यावर रागावलेय. दोनेक दिवस राहू दे तो राग." शेवटची पिशवी त्यांनी खिशात घातली. "इकाम्याचं मी बोलते. बी रोपवाटिकेत गेलं असतं तरी कुणी पकडलं नसतं तुम्हाला. असा माणूस पुन्हा कुठून आणू?"

हारूनने मान खाली घातली.

"उरलेल्या झाडांपासून लांब बसा."

"आणि याच्यापाशी?"

"याला आता नंबर नाही," त्या म्हणाल्या आणि पिकअपकडे गेल्या.

हारूनने सतराखालच्या पन्हळी सोडवल्या. पट्टा काढला. नंबराचा पत्रा उपटला तेव्हा खिळ्याच्या भोकातून डिंकाचा थेंब आला.

रविवारी तो वही घेऊन निघाला. सोळा झालं. पाय आपसूक सतराकडे वळले. वाचायला काही नव्हतं. त्याने खोडावर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच राहिला. मग अठराकडे गेला. ते केव्हाच मेलं होतं, पण त्याची नोंद करावीच लागायची. वाढ शून्य, त्याने लिहिलं.