नाव घातलेली भांडी

ही हकीकत सांगायची मी कायम टाळत आलो. दोह्यातल्या दिवसांबद्दल कोणी विचारलं की मी उन्हाबद्दल बोलायचो, खुबूस नावाच्या रोटीबद्दल बोलायचो, शेजारणीबद्दल कधीच नाही. बायको असेपर्यंत तर प्रश्नच नव्हता. आता ती नाही. परवा मुलानं सहज विचारलं, "बाबा, आई सांगायची ती फिलिपिनो बाई, न सांगता पळून गेलेली, ती कोण हो?" 'पळून गेलेली' हे आमच्या घरात माझ्यामुळे आलं. ते खोटं आहे, म्हणून लिहायला बसलो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आम्ही दोह्याला लागून असलेल्या अल रय्यानला एका व्हिलात राहायचो. व्हिला म्हटलं की थाट वाटतो. एका मिसरी गृहस्थानं तो भाड्यानं घेऊन मध्ये प्लायवूडच्या भिंती घातल्या होत्या आणि चार बिऱ्हाडं बसवली होती. मिसरी म्हणजे इजिप्तचा. शेजारच्या माणसाची शिंक कोणत्या बाजूला तोंड करून आली तेही कळायचं. मी एका एअर कंडिशनिंगच्या कंपनीत स्टोअरकीपर होतो. गेटपासशिवाय साधा नटबोल्ट बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे माझं काम. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खिशाकडे माझी नजर आधी जायची. ती नजर संध्याकाळी घरी येताना उतरवून ठेवता येत नसे, आणि खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान होता.

आमच्या बाजूच्या खोलीत ती बाई राहायची. मनिलाची. बायकांच्या एका सलूनमध्ये दुपारपासून रात्रीपर्यंत केस कापायची. तिचा मुलगा मनिलात आजीजवळ शाळेत होता आणि ते घर तिच्या नोकरीवर चालायचं. मुलाची शाळा संपेपर्यंत दोह्यात टिकायचं, एवढंच तिनं ठरवलेलं होतं. हे सगळं मला बायकोकडून कळलं. दोघी सकाळी बोळात बसून मोडक्या इंग्रजीत तासन्‌तास काय बोलत, देव जाणे. मी दारात आलो की बोलणं थांबायचं. मला वाटायचं, माझ्याबद्दलच चाललं असणार.

बोळात तिचा एक खोका असायचा. कमरेइतका उंच, जाड पुठ्ठ्याचा. ही त्यांची रीत आहे. परदेशात गेलेलं माणूस असा खोका आणून ठेवतं आणि महिनोन्‌महिने भरत राहतं: साबण, टॉवेल, डबाबंद मटण, चॉकलेटं, कुणाचे जुने बूट. भरला की चिकटपट्ट्या मारून जहाजानं घरी पाठवायचा. चारही बाजूंना तिनं काळ्या मार्करनं घरचा पत्ता लिहून ठेवला होता. मी येता-जाता तो पत्ता वाचायचो आणि खोका काल होता त्यापेक्षा किती भरला ते बघायचो.

त्या वर्षी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि बायको नाशिकला गेली. चार दिवसांतच मला घरात काहीतरी वेगळं वाटू लागलं. आमच्या स्वयंपाकघराच्या मागे एवढीशी मोकळी जागा होती, तिथे बायकोनं तुळस लावली होती. मी तिला पाणी घालायला रोज विसरायचो, तरी माती ओली. एकदा फरशीवर वाळलेली पावलं दिसली, माझ्यापेक्षा लहान. घरात कोणी येऊन जातंय, एवढं नक्की झालं. फडताळ उघडून बघितलं तर वरच्या फळीवरचा मोठा डबा नाही, वाट्या कमी, तांब्याही नाही.

ती बाई बोळात भेटली की हसून एकच विचारायची. "सर, जेवलात?"

मी म्हणायचो, "हो." आणि मनात म्हणायचो, तुला काय करायचंय? मी कधी घरात असतो, कधी नसतो, हेच काढून घ्यायचं असणार.

एका सकाळी मी कामावर गेलोच नाही. ती दुपारी बाहेर पडल्यावर खोक्यातले वरचे दोन टॉवेल उचलले. खाली आमचा डबा. त्यात वाट्या, शेजारी तांब्या. सगळ्यांवर बायकोचं नाव. नाशिकच्या भांडीबाजारात घेतलेलं भांडं दुकानदार मशीननं टकटक करून नाव घालूनच देतो. आमच्याकडे भांड्यावरचं नाव म्हणजे मालकी; कार्यात दुसऱ्याच्या घरी गेलेली परात नावावरून परत येते. नावासकट भांडं कुणाला देऊनही टाकता येतं, हे मला सुचलं नाही.

त्या शुक्रवारी बायकोशी फोनवर बोललो. विचारू शकलो असतो. विचारलं नाही. ती हॉस्पिटलच्या धावपळीत आहे, कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते कारण नव्हतं. मी चोर पकडला होता, आणि तो मला कुणाबरोबर वाटून घ्यायचा नव्हता.

मी मिसरीकडे गेलो. तो दाराशी खुर्ची टाकून चहा पीत होता.

"सदीक, पक्का है?" त्यानं विचारलं. "मैं बोलेगा तो उसका कफील आएगा. फिर खलास."

सदीक म्हणजे दोस्त; कफील म्हणजे ज्याच्या नावावर तिचा व्हिसा होता तो, सलूनचा मालक. खलास म्हणजे काय ते मला चांगलं समजत होतं.

"पक्का," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कफीलची दोन माणसं आली. खोका अंगणात पालथा केला. साबणाच्या वड्या, मुलाची दप्तरं, आजीसाठी घेतलेल्या सपाता वाळूत पसरल्या. मी डब्यावरचं नाव बोटानं दाखवलं. त्यांना देवनागरी कुठली येणार, पण माझं बोट कळलं.

ती म्हणाली, "मॅमनी दिलं. किल्लीपण मॅमनीच दिली, झाडाला पाणी घालायला." मग माझ्याकडे वळली. "सर, प्लीज मॅमला फोन करा."

मी म्हणालो, "मॅमनं मला काही सांगितलेलं नाही."

वाक्य शब्दशः खरं होतं. त्यावरच सगळं संपलं. ते तिला सलूनवाल्याच्या क्वार्टर्समध्ये घेऊन गेले. भांडी माझ्या हातात दिली, आणि त्यातल्या एकानं माझा खांदा थोपटला.

पुढच्या शुक्रवारी बायको फोनवर म्हणाली, "अहो, तुळस जगलीय ना? तुमच्यावर भरवसा नव्हता म्हणून तिला किल्ली दिली. तुम्ही नाही म्हटलं असतंत, म्हणून बोलले नाही. आणि तिचा खोका गेला का हो? मी थोडी भांडी घातलीत त्यात. तिच्या आईकडे सगळी ॲल्युमिनियमची आहेत."

मी म्हणालो, "तुळस चांगली आहे."

हे लिहिताना हात थांबतो. कारण तेव्हा ती बाई दोह्यातच होती. तिचं तिकीट व्हायचं होतं. मी मिसरीकडे जाऊन "भाई, गलती हो गई" एवढं म्हणालो असतो तर ती परत कामावर उभी राहिली असती. मी गेलो नाही. खोटी तक्रार केली म्हणून माझ्यावरच काही उलटेल, कंपनीत कळेल, ही भीती होती. गाडी काढून मी शहराबाहेर, उम्म सलाल मोहम्मदच्या रस्त्याला लागलो आणि एका कचऱ्याच्या मोठ्या डब्यात ती भांडी टाकून आलो.

बायको परत आली तेव्हा शेजारची खोली रिकामी होती. मी सांगितलं, करार संपला, गेली.

"न सांगता? अशी नव्हती हो ती." पुढे बरेच दिवस ती हेच म्हणत राहिली. मग हळूहळू म्हणायला लागली, "माणसं ओळखता येत नाहीत." मी मान डोलवायचो.

काही वर्षांनी कंपनीनं मला ऑफिसात घेतलं आणि टेक्निशियन निवडायला आमच्या लेबनीज मॅनेजरबरोबर मनिलाला पाठवलं. मुलाखती एका हॉटेलात होत्या. रविवार मोकळा होता. खोक्यावरचा पत्ता मला पाठ होता.

तिथे जीपनी नावाची लांबट, रंगवलेली गाडी असते. समोरासमोर दोन बाकं, लोक मागून चढतात. भाडं ड्रायव्हरला द्यायचं तर पुढच्याच्या हातात ठेवायचं, तो त्याच्या पुढच्याच्या, असं करत ते ड्रायव्हरपर्यंत जातं आणि सुटे पैसे तसेच हातोहात मागे येतात. माझ्या हातावर एका बाईनं नाणी ठेवली तेव्हा मी दचकलो. माझं भाडं मात्र मी मुठीत धरून ठेवलं. शेवटी पलीकडचा म्हातारा हसून काहीतरी बोलला, सगळी गाडी हसली, आणि मला मूठ उघडावी लागली. सुटे बरोबर परत आले. मी तरीही मोजले.

पुढे तीनचाकी रिक्षा. ड्रायव्हर मुद्दाम फिरवतोय अशी माझी खात्री होती, पण गल्ल्याच तशा होत्या. दोन्ही बाजूंनी दोऱ्यांवर कपडे, मध्येच विजेच्या खांबाला बास्केटबॉलची जाळी, एका घरातून सकाळी सकाळी मायक्रोफोनवर बेसूर गाणं, कोपऱ्यावर लोखंडी जाळीआडचं किराणा दुकान, जिथे शाम्पूची एक पुडी आणि सिगरेटसुद्धा एकेकच विकत होते. चर्चमधून लोक घरी येत होते. पत्ता विचारला तर त्या दुकानवाल्या बाईसकट चौघं बरोबर चालू लागले. एवढी आपुलकी कशाला, असं मला वाटत राहिलं.

तिची आई दारात मिरच्या निवडत बसली होती. मला पाहून ती आपल्या भाषेत काही म्हणाली. दुकानवाल्या बाईनं इंग्रजीत सांगितलं, "विचारतेय, जेवलात का? आमच्याकडे आल्या माणसाला हेच विचारतात."

मी तिथल्या स्टुलावर बसलो.

दोहा म्हटल्यावर आजीचा चेहरा उजळला. मॅमचे मिस्टर! तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. हिला सगळं माहीत आहे आणि ही मला खेळवतेय, असंही क्षणभर वाटलं. तिला काहीच माहीत नव्हतं. मुलीनं घरी एवढंच सांगितलं होतं की सलून बंद पडलं.

जेवण वाढलं. मी मासे खात नाही, मटण खात नाही, हे कळल्यावर दुकानवाली म्हणाली, "मग इतके मोठे झालात कशावर?" बाहेर जमलेल्या बायका खिदळल्या. भात आणि अंडं आलं. भात ॲल्युमिनियमच्या पातेल्यातला होता.

मुलगी आता हाँगकाँगला होती, एका घरी मोलकरीण म्हणून. केस कापायचं काम परत मिळालं नव्हतं. नातवानं शाळा मध्येच सोडून गॅरेजमध्ये काम धरलं होतं. आजीनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. गल्लीतली बातमी सांगावी तसं सांगितलं.

मग रविवार म्हणजे तिच्या सुट्टीचा दिवस, म्हणून दुकानवालीनं आपल्या मोबाईलवरून फोन लावला आणि माझ्या कानाला दिला. मी विमानातच इंग्रजीत वाक्यं जुळवली होती. तक्रार मी केली. चूक माझी होती. नंतर कळलं, तरी मी गप्प बसलो. तीनच वाक्यं.

"सर!" तिचा आवाज आला. मागे बायकांचा गलका होता. "तुम्ही माझ्या घरी? मॅम कशा आहेत? खूप रागावल्यात का?"

"नाही, नाही."

"मी न भेटता आले, सर. ती किल्ली घेतली तेव्हा तुम्हाला विचारायला हवं होतं. माझीच चूक. तुम्हाला कसं कळणार? सॉरी, सर. मॅमलापण माझं सॉरी सांगा. सांगाल ना?"

आजी माझ्याकडे बघून हसत होती.

मी म्हणालो, "इट्स ओके."

आणि फोन आजीच्या हातात दिला.

दोह्याला परतल्यावर बायकोनं विचारलं, मनिला कसं होतं? मी म्हणालो, गर्दी फार. तिचं सॉरी सांगायचं तर ते मला कुठे मिळालं हे सांगावं लागलं असतं, आणि मग बाकीचंही. पुढच्या सगळ्या वर्षांत तेही सॉरी मी बायकोपर्यंत पोचवलं नाही.