आठ महिने झोपणारी मशीन

अकोल्याच्या उन्हावर माझ्या दादाचं घर चालायचं. शिवरात्र झाली की त्याच्या दुकानात कूलर बनायला लागायचे आणि जूनच्या पाण्यासोबत शटर खाली. बाकीचे आठ महिने तो घरात नुसती अडचण करतो, असं वहिनीचं मत होतं. मी अमरावतीला कर सल्लागार. त्याचा हिशोब मीच करायची, आणि फी म्हणून एक कूलर कधीच वसूल करून बसले होते.

पत्रा वाकवायची मशीन त्यानं घेतली ती ऐन मार्चात. आर्थिक वर्ष संपत आलेलं, म्हणून पहिल्या वर्षी निम्माच घसारा, म्हणजे झिजेपोटी कागदावरच्या किमतीतून होणारी वजावट, मिळाला. पुढच्या वर्षी मी पूर्ण दरानं लावला, तर तो चक्रावला. चार महिने चालते तर चार महिन्यांचाच लाव, असं त्याचं म्हणणं.

"आठ महिने त झोपून राहते. झोपल्या झोपल्या कायची झिजते वं ते?"

मी सांगितलं, वापराचे दिवस फक्त पहिल्या वर्षी बघतात. नंतर मशीन चार महिने चालो की बारा, वर्षाचा घसारा पुराच धरायचा. त्याला पटलं नाही. पण माझं कॉलेज त्यानंच पुरं केलेलं, त्यामुळे माझ्याशी वाद घालणं म्हणजे आपलाच खर्च वाया गेला असं कबूल करणं, असं त्याला वाटत असावं.

अशी कागदावर मशीनची किंमत दर वर्षी उतरत गेली. दुकानात मात्र दादा तिला जीव लावायचा. सीझन संपला की तेलपाणी करून जुन्या सतरंजीत गुंडाळायचा. इतक्या वर्षांत तिचा रंगसुद्धा उडाला नव्हता.

मागचा उन्हाळा अवकाळी पावसानं खाल्ला आणि कूलर पडून राहिले. दिवाळीत दादानं समोरच्या कारागिराला मशीन विकून टाकली, ताळेबंदात लिहिलेल्या किमतीला. घासाघीससुद्धा केली नाही. पुढच्या वर्षी ती आणखी उतरेल, त्यापेक्षा आताच काढू आणि सीझनला नवी घेऊ, असा त्याचा विचार. नवीचा भाव ऐकून मात्र तो रिकाम्या हातानं घरी परतला.

हे सगळं होऊन गेल्यावर वहिनीचा फोन आला. मी कपाळावर हात मारला. घसारा वजा करून उरते ती कराच्या हिशोबातली रक्कम, बाजारात तिला कोणी विचारत नाही. आमच्या धंद्यात हे इतकं उघड आहे की कोणी कोणाला सांगायला जात नाही. विकण्याआधी एक फोन करता येत नव्हता का, म्हणून मला त्याचा संतापच आला.

यंदा चैत्रात अकोल्याला गेले. दादाचं शटर बंद. समोरच्या दुकानात, त्याच मशीनवर, तो रोजानं पत्रे वाकवत होता. मला पाहून त्यानं हात पुसले, चहा मागवला. मी बसायच्या आधीच विचारलं, एवढी धडधाकट मशीन तुला डोळ्यांनी दिसत नव्हती का?

"मले त ते नवीच दिसे," तो म्हणाला. "पन म्हटलं, मले काय समजते? हिशोब तुनं केला होता."

त्यात तक्रार कुठेच नव्हती. त्याला अजूनही माझा अभिमानच वाटत होता, आणि मला तिथं उभं राहवेना.