बारा मागांच्या आवाजात

मी इंग्रजी बोलायला कारखान्यात शिकलो. आमच्याकडे कारखाना म्हणजे पत्र्याचे छप्पर, विटांच्या भिंती आणि आत विजेवर चालणारे बारा माग. त्यांतले दोन माझे वडील चालवायचे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. सकाळी माझे कॉलेज असायचे. दुपारी बारा वाजता आबा जेवायला राजपुरा मोहल्ल्यातल्या घरी जायचे, थोडे पडायचे आणि तीनच्या सुमारास परत यायचे. तेवढा वेळ त्यांचे दोन्ही माग मी बघायचो.

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला. शाळेत सगळे मराठीतून शिकलो. मग राज्यांच्या सीमा बदलल्या. नागपूर तिकडे, मराठी मुलखात गेले, आम्ही इकडे हिंदी राज्यातच राहिलो. घर तेच, तापी तीच, पण कॉलेजात गेलो तेव्हा इंग्रजीचा अर्थसुद्धा हिंदीतून सांगत होते. 'पुट अप विथ' आधी 'बर्दाश्त करना' व्हायचे आणि मग माझ्या मनात त्याचे 'सहन करणे' व्हायचे. तोपर्यंत सर पुढच्या शब्दावर पोचलेले असायचे.

इंटरच्या परीक्षेत मी एकदा इंग्रजीत नापास झालो होतो. आबा रागावले नाहीत. हात धुता धुता म्हणाले, "एक वर्ष अजून बघ. नाही जमलं तर ये कारखान्यात. माग कोणाला नापास करत नाही."

त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटले होते. पण मला त्या दिवसापासून झोप नीट लागेना. मला मागाची लाज नव्हती, आजही नाही. पण मागावर यायचेच तर मला माझ्या पायांनी यायचे होते, नापास झालो म्हणून नाही.

त्या वर्षी इंग्रजीला नवे सर आले, जबलपूरकडचे. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि आवाज इतका हलका की मागच्या बाकावर अर्धाच पोचायचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नियम सांगितला. इंग्रजीत रोज लागणाऱ्या म्हणी आणि वाक्प्रचार, असे दीडशे त्यांनी लिहून दिले. फॉर्म भरण्याआधी प्रत्येकाने एकदा उभे राहायचे. ते दहा विचारतील. अर्थ सांगायचा आणि स्वतःचे वाक्य करून दाखवायचे. ज्याला येणार नाही त्याच्या परीक्षेच्या फॉर्मवर ते सही करणार नाहीत.

"रटा हुआ नहीं चलेगा," ते म्हणाले. "अपना वाक्य चाहिए."

माझी पाळी दिवाळीनंतर आली. पहिला शब्द होता 'गिव्ह अप'. अर्थ मला येत होता, वाक्यही येत होते. मी उभा राहिलो आणि माझा आवाजच बाहेर आला नाही. ओठ हलत होते एवढे मला कळत होते.

"जोर से," सर म्हणाले.

मी पुन्हा ओठ हलवले. माझ्या पुढच्या बाकावर एका कापूसवाल्या व्यापाऱ्याचा मुलगा बसायचा. तो वळून म्हणाला, "सर, ये मन में बोल रहा है."

सगळे हसले. सरही जरा हसले. "मन में बोलोगे तो सही भी मन में करूँगा. बैठो."

मी बसलो. घरी कोणाला काही सांगितले नाही. सरांनी मुदतीआधी मला अजून एक संधी देणार असे सांगितले होते. फॉर्मची मुदत माघात होती.

बारा माग एकदम चालू असतात तेव्हा शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून कारखान्यात सगळे हातानेच बोलतात. बोट वाकवून आकड्यासारखे केले की तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली. पोटावर तळहात ठेवला की जेवायला चाललो. दोन बोटे ओठांना लावली की बिडी दे. आबांना तर मी जन्मापासून हातानेच बोलताना पाहिलेले. घरी आल्यावरही ते पाणी हातानेच मागायचे आणि माय चिडायची. "इथं माग नाही, तोंडानं मागा."

एका दुपारी मी सहज एक वाक्य मोठ्याने म्हणून बघितले. कोणी मान वळवली नाही. अजून मोठ्याने म्हटले. शेजारच्या मागावर एक म्हातारे विणकर होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. ते त्यांच्या तारेत गुंतलेले. मग मी पोटातून ओरडून म्हटले. माझे मलाच ऐकू आले, पहिल्यांदा.

तेव्हापासून रोज बारा ते तीन. दहा वाक्प्रचार एका चिठ्ठीवर लिहायचो आणि चिठ्ठी थोडी खळ लावून मागाच्या खांबाला चिकटवायचो. गाइडातून वहीत उतरवलेली वाक्ये डोक्यात राहायची नाहीत. बर्फात हरवलेली माणसे, छत्री विसरलेले काका, आगगाडी चुकलेली बाई, यांच्याशी माझा काय संबंध? मागाशी जोडले की राहायचे. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की 'रन आउट'. माग बिघडून उभा राहिला की 'ब्रेक डाउन'. जेवायला जाताना आबा माग माझ्या हातात देत, ते 'हँड ओव्हर'. एक हात धोट्याकडे, डोळे कापडावर, आणि तोंडाने मी ओरडत असायचो. चूक झाली तर कोण हसणार? घशाला कोरड पडायची, पण शब्द आता तोंडाला ओळखू लागले होते.

काही शब्द मात्र मागाला जोडता येईनात. 'पुट अप विथ' त्यांतलाच. त्याचे गाइडातलेच वाक्य मी पाठ करत होतो. त्याचा अर्थ असा की हा अपमान मी यापुढे सहन करणार नाही. पौषातल्या एका दुपारी तेच चालू होते. आबा जेवून परत आले, दारात चपला काढत होते. मी पाठमोरा होतो. छाती भरून घेतली आणि ओरडलो, "आय कॅनॉट पुट अप विथ..."

वीज गेली.

वीज जाते तेव्हा बारा माग एकदम थांबत नाहीत, दोन-चार ठोके देऊन मरतात. माझे वाक्य त्या दोन-चार ठोक्यांच्या पलीकडे गेले. "धिस इन्सल्ट" हे दोन शब्द अख्ख्या कारखान्यात एकटेच राहिले.

सगळ्यांची तोंडे माझ्याकडे. कुठेतरी एक धोटा खाली पडला.

"किसको डाँट रहा है रे?" चाचांनी विचारले.

"साहेब झाला भो आपला," जॉबर म्हणाला. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. "मागाला इंग्रजीतून हुकूम देऊन राहिला."

"इसीलिए इसका माग सबसे धीमा चलता है," तिसरा कोणी म्हणाला. "बेचारे को अंग्रेजी कहाँ आती है."

सगळे हसले. आबा दारातच होते. ते हसले नाहीत. मला वाटले, आता चिठ्ठी खिशात टाकावी आणि मागामागे वाकून काहीतरी शोधत बसावे. वर्गात मी असाच खाली बसलो होतो. पण इतके दिवस रोज तीन तास ज्या जागेत मी बोललो होतो ती जागा मला सोडवेना. वर्ग सरांचा होता. ही जागा माझी होती. मी वाक्य पूर्ण केले. तेवढ्याच मोठ्याने, त्या शांततेत. "एनी लाँगर."

"मतलब?" चाचा म्हणाले.

मी सांगितले. हा अपमान मी यापुढे सहन करणार नाही.

"तेरी बेइज्जती किसने की?"

मला 'कोणी नाही, पुस्तकातलं वाक्य आहे' असे म्हणता आले असते. खरेही होते ते. पण तोंडातून निघाले, "सरांनी." मग सगळे सांगावे लागले. आवाज न निघणे, मनातली सही, वर्गाचे हसणे. आबांकडे न बघता सांगितले. महिनाभरात फॉर्म भरायचा आहे आणि सही नाही, हे त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळले.

चाचांनी कानामागची बिडी काढली, बघितली, परत कानामागे ठेवली. "तो माग को क्यों सुना रहा है? माग ने क्या बिगाड़ा तेरा? उसको सुना."

आबा दारातून निघाले. माझ्याजवळ आले, खांबावरची चिठ्ठी बघितली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. त्यांनी बोटाला खळ घेतली आणि तो कोपरा दाबून चिकटवला. तेवढ्यात वीज आली.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात माझ्यासाठी नवी खूण तयार झाली. तोंडासमोर मूठ धरून ती फटकन उघडायची, म्हणजे इंग्रजी. मी गप्प राहिलो की चाचा लांबून ती खूण करायचे. काही दिवस ती टिंगल होती. नंतर ते माझे नावच झाले.

माघात सरांनी मला उभे केले. पहिला शब्द तोच, 'गिव्ह अप'. मी छाती भरून घेतली, आणि मला एकाच मापाने बोलता येत होते. बारा मागांच्या वर जाईल त्या मापाने.

पहिल्या बाकावरच्या मुलीने कानावर हात ठेवला. कापूसवाल्याचा मुलगा बाकावर डोके टेकून हसू लागला. सरांनी खडू खाली ठेवला.

"धीरे. अंग्रेजी ऐसे नहीं बोली जाती. ये शरीफों की भाषा है, चिल्लाने की नहीं."

मी हळू बोलून बघितले. खरेच बघितले, मला सरांचा अपमान करायचा नव्हता. आणि आवाज पुन्हा गेला. ओठ हलू लागले. तेच ओठ, तीच दिवाळीनंतरची सकाळ. मला कळून चुकले की हळू आवाजातले इंग्रजी मला येत नाही. ते मी शिकलोच नव्हतो. माझ्याकडे होते ते एवढेच, आणि ते मी कमावलेले होते.

"सर," मी म्हणालो, "मेरी आवाज यही है. इसी में पूछिए."

हे वाक्य मी आधी ठरवले नव्हते. पण बसलो नाही.

सरांनी खडू बाजूला सरकवला. मग यादी उचलली. "ब्रेक डाउन."

मी सांगितले. "रन आउट." सांगितले. माझी सगळी वाक्ये मागाची होती. कांडी संपली, पट्टा तुटला, वडिलांनी माग माझ्या हाती दिला. पाचव्या की सहाव्या शब्दाला शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सर दारात येऊन उभे राहिले.

"कोई झगड़ा है क्या?"

"नहीं," आमचे सर यादीवरची नजर न काढता म्हणाले. "पढ़ाई चल रही है. दरवाजा लगा दीजिए."

आठव्या शब्दाला मी चुकलो. त्यांनी सुधारले, मी पुन्हा म्हटले, तेवढ्याच मोठ्याने. वर्गाचे हसणे कधी थांबले ते मला कळले नाही. मग शेवटचा शब्द त्यांनी विचारला, "पुट अप विथ."

गाइडातले वाक्य तोंडावर तयार होते. कारखान्यातल्या सगळ्यांना ते आता पाठ होते. ते म्हटले असते तर अर्थही बरोबर होता, आणि ज्याला लागायचे त्याला लागलेही असते. पण सरांनी स्वतःचे वाक्य मागितले होते, आणि ते वाक्य माझे नव्हते.

"माय फादर पुट्स अप विथ द नॉइज ऑफ ट्वेल्व लूम्स," मी म्हणालो. "आय लर्न्ट इंग्लिश देअर."

सरांनी काही सुधारले नाही. शाबास वगैरेही म्हणाले नाहीत. "फॉर्म लाए हो?" त्यांनी विचारले. फॉर्म आठ दिवसांपासून माझ्या वहीत होता. त्यांनी टेबलावर ठेवून सही केली, आणि तो परत देताना कापूसवाल्याच्या मुलाला म्हणाले, "अब तुम. और इतना तो बोलो कि मुझे सुनाई दे."

त्या दिवशी मी कॉलेजातून सरळ कारखान्यात गेलो. बारा वाजून गेले होते, आबा माझी वाट बघत होते. माग चालू होते, म्हणून त्यांनी हातानेच विचारले. डाव्या तळहातावर उजव्या हाताच्या बोटाने एक रेघ ओढली. सही?

मी मान हलवली.

त्यांनी बोट वाकवून आकडा केला. डावीकडच्या मागावर तार तुटली होती. मी ती जोडायला वाकलो. मागे बघितले तर ते अजून गेले नव्हते. जेवायची खूण म्हणून तळहात पोटावर ठेवला होता, आणि दुसऱ्या हाताची मूठ त्यांनी तोंडासमोर धरून, जरा लाजत, उघडली.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. इंग्रजी अजून मोठ्यानेच बोलतो. मुलाखतीला जाशील तेव्हा जरा हळू बोल, असे सगळे सांगतात. मी ऐकून घेतो.