अर्जुनराव कॉलेज बघायला जातात

अर्जुनराव गायसमुद्रे बासष्ट सालच्या सुमारास बीड जिल्ह्यातून पिंपरीला आले, कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर लागले आणि युनियनचे झाले. युनियनवाल्याला दोन गोष्टी हमखास जमतात, बाहेर घोषणा देणं आणि घरात कुणाचं न ऐकणं. अर्जुनरावांना दोन्ही जमत. शिवाय त्यांचा एक नेम होता. कुठंही माणसं संपाला बसलेली दिसली, की मागण्या ठाऊक असोत नसोत, सायकल लावायची आणि त्यांच्यात जाऊन बसायचं. आमच्या चाळीत त्याला कुणी हसत नसे, कारण निम्मी चाळ तेच करायची.

त्र्याहत्तर साली त्यांची थोरली, कस्तुरा, मॅट्रिक झाली. घराण्यातली पहिलीच. तिला इतिहास शिकायचा होता. कला शाखेची दोन लहानशी कॉलेजं आवाक्यात होती. चिंचवडचं पक्क्या इमारतीत, घरापासून सायकलच्या टप्प्यात. पण तिथं बी.ए.ला इतिहास नव्हता. चाकणचं एका जुन्या गोदामात, रोज एसटीनं जायचं. तिथं इतिहास होता. कस्तुराचा जीव चाकणमध्ये अडकला. पण घरात निकाल अर्जुनरावांचा, आणि ते म्हणाले, "माल बघितल्याबिगर मी हो म्हनत न्हाई."

कंपनीची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी ते शेजारच्या धोंडीबाला घेऊन निघाले. चिंचवडला घंटा वेळेवर झाली, पोरं मुकाट वर्गात गेली, फाटकावर वॉचमन होता. अर्जुनरावांना ते पसंत पडलं. दुपारी ते चाकणला उतरले, तर गोदाम रिकामं. आवारात चिंचेखाली पोरंपोरी जमिनीवर बसलेली, त्यांच्यात मास्तरही बसलेला, आणि सगळे गप्प.

कामाच्या वेळेला माणसं बाहेर बसलीत आणि तोंडं बंद. याचा अर्थ आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतो. "बैठा संप," धोंडीबा पुटपुटला. दोघांनी चपला काढल्या आणि मागं जाऊन बसले. सगळे उठेपर्यंत बसले. कुणी त्यांना ऊठ म्हणालं नाही.

संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. "चिंचवड. चाकणला संप चाललाय, मास्तरसुदीक बसलाय. दोन संपांत मी चूल बंद पडलेली बघितलीय. लेकीला न्हाई घालत असल्या ठिकानी."

कस्तुराला रडू आलं आणि हसूही आलं. "अण्णा, संप कसला? गोदामाचे पत्रे तापतात, म्हणून सर तास झाडाखाली घेतात."

"मग समदे गप का?"

"विचार करत असतील. सरांनी काही विचारलं होतं का?"

पंचाईत मोठी होती. चूक तर कळली होती, पण शब्द तोंडातून गेला होता, आणि तो मागं घ्यायची अर्जुनरावांना सवय नव्हती. भाकऱ्या थापता थापता त्यांची बायको अंबूबाई म्हणाली, "पोरगी इचारतीय. सांगा की."

"इचारलं व्हतं. मला वाटलं भाषान चाललंय," अर्जुनराव म्हणाले. "दुष्काळात गाव सोडून गेलेली मानसं पाऊस पडल्यावर बी माघारी का येत न्हाईत, असं."

"मग कुणी काय सांगितलं?"

"एक पोरगं म्हनलं, शहरात पगार मिळतो. मास्तर म्हनला, आनखी? तर समदे गप."

"तुम्ही बोलायचं ना! तुम्हीही दुष्काळातच गाव सोडलंत."

चाळीत सगळ्यांना हेच माहीत होतं. अर्जुनराव स्वतःच तसं सांगत आले होते. आता मात्र त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आमच्या गावात दुष्काळ नव्हता, कस्तुरे. इहीर काठोकाठ भरलेली व्हती. आमाला तिच्यावर जाऊ देत नव्हते."

कस्तुराला बापाचा राग आला, इतकी वर्षं लपवलं म्हणून. त्याहून जास्त त्याची कणव आली.

"तिथं ओठापातुर आलं व्हतं," अर्जुनराव म्हणाले. "पन मला बोलाया जमलं न्हाई. तू चाकनलाच जा. मास्तर पुन्यांदा इचारील, तवा तू सांग."