बोतिकावहिनीचा वाकडा माड

आमच्या बेटावर बोट फक्त मला लागते. रात्री एका समुद्राचा आवाज ऐकत झोपायचं, सकाळी उठून दुसऱ्या समुद्रावर तोंड धुवायचं, आणि दोन्हींच्या मध्ये एक विडी संपेस्तोवर चालून होईल एवढीच जमीन; असल्या ठिकाणी जन्माला येऊन मला होडीत बसलं की ओकारी येते. लहानपणी वडिलांनी दोनदा नेलं. तिसऱ्या वेळी, "हा माशांना जेवू घालतो, पकडत नाही," म्हणून घरी ठेवलं. तेव्हापासून गावातली जमिनीवरची कामं माझ्याकडे. माडावर चढून सकाळ-संध्याकाळ नीरा काढायची, खड्ड्यातल्या अळूला पाला घालायचा, विहिरी खणायच्या आणि कुणाला एखादं झाड नकोसं झालं की ते पाडायचं. दर्यातलं तेबाओला विचारू नका आणि झाडातलं दुसऱ्या कुणाला विचारू नका, असं गावात म्हणतात. त्यातलं पहिलं खरं आहे. दुसरं तितकंसं खरं नाही, हे मला त्या गुरुवारी कळलं.

बोतिकावहिनी ही माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. वहिनीची तारीफ करावी असं तिच्यात फारसं काही नाही आणि केलेली तिला आवडतही नाही. नाचात तिचे हात चुकतात. केवड्याच्या पानांच्या चटया विणते त्या टिकतात खूप, पण देखण्या नसतात. मानेआबात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, ती खांबाच्या मागे बसते आणि कुणी पुढे बोलावलं तर ऐकू न आल्यासारखं करते. पण तिचं अंगण बघावं. प्रवाळाच्या कड्यानं अडवलेल्या आतल्या पाण्याच्या काठावर घर, समोर टोपल्याटोपल्यांनी आणून घातलेली पांढरी वाळू, आणि ती रोज उजाडायच्या आत झाडलेली. मी नीरा घेऊन गेलो की मला कडेकडेनं यायला लावते.

"मेल्या, तिथे पाय टाकू नकोस. आत्ता झाडलंय."

"मग उडत येऊ का?"

"माडावर चढतोस ना रोज? ये तसाच वरून."

तिची मुलगी एरेता, एकुलती एक. एरेताची दोन मुलं पोटातच गेली, दोन्ही इथेच, आमच्याच बेटावर. तिसऱ्या वेळी वहिनीनं कुणाचं ऐकलं नाही आणि जावयाला बरोबर देऊन तिला शेजारच्या मोठ्या बेटावर पाठवलं, तिथे दवाखाना आहे म्हणून. लाँच सुटली तेव्हा वहिनी रडली नाही. घरी जाऊन तिनं झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. पुढचे चार महिने ती वायरलेसच्या खोलीपाशी इतक्या वेळा जाऊन यायची की मास्तर तिला लांबून बघूनच मान हलवायचा. मग एक दिवस त्यानं उभी मान हलवली. मुलगा झाला होता आणि दोघंही सुखरूप होती. तीन आठवड्यांनी पुढचा निरोप आला, गुरुवारी उरिआमच्या लाँचनं येतोय.

उरिआम आमच्या बेटाचा एकमेव लाँचवाला. बाकीच्यांच्या होड्या हलक्या, भरतीला खडकांवरून कुठूनही आत घुसतात. लाँचला मात्र खोल पाणी लागतं आणि प्रवाळाच्या कड्यातून आत यायला खोल वाट एकच आहे. ती नेमकी कुठे आहे, हे उरिआमला ठाऊक. त्याला त्याच्या बापानं, बाकोआ आजोबांनी शिकवलं आणि आजोबांना त्यांच्या बापानं. आमच्याकडे माणूस जाळं उसनं देईल, होडी देईल, प्रसंगी मुलगा दत्तक देईल, पण समुद्रातली खूण सांगणार नाही. ती घरातली गोष्ट. कुणी विचारत नाही, कारण विचारणं बरं दिसत नाही.

बुधवारी संध्याकाळी मी गेलो तेव्हा वहिनी स्वैपाकाच्या खोपटाबाहेर मान वर करून उभी होती. तिच्या दारचा जुना माड बुंध्यापासून निघून घराच्या वरून वाकडा गेला होता. चार वर्षांत त्याला नारळ नव्हता, झावळ्या मात्र पडायच्या.

"हा माझ्या नातवाच्या डोक्यावर पडायची वाट बघतोय," ती म्हणाली.

"इतकी वर्षं नाही पडला तो."

"इतकी वर्षं खाली पोर नव्हतं. उद्या सकाळी पाड."

गुरुवारी उजाडताच मी दोर लावून, खोपटाला धक्का न लावता तो पाडला. छान पाडला, हे मला सांगायलाच हवं. तास-दोन तासांत लोकांनी खोडाचे तुकडे करून मानेआबाच्या डागडुजीसाठी वाहून नेले. शेंड्यातला पांढरा गाभा मी कापून वाटला. झाड मेल्याशिवाय मिळत नाही तो, म्हणून सगळ्यांना त्याचं अप्रूप. दुपारी बाकोआ आजोबांचा वाटा पानात बांधून मानेआबात घेऊन गेलो. त्यांना आता दिसत नाही, पण दात शाबूत आहेत. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, खूश झाले.

"गोड आहे. म्हातारं झाड. कुठला रे?"

"बोतिकावहिनीच्या दारचा. तो वाकडा."

आजोबा चावायचे थांबले. तोंडातला तुकडा त्यांनी काढून पानावर ठेवला.

"चर्चच्या समोरचा?"

"हो, तोच. आज सकाळी पाडला."

"गाढवा," ते अगदी हळू म्हणाले. मला वाटलं त्यांच्या छातीत दुखतंय. मग त्यांनी विचारलं, "उरिआम आज यायचा ना?"

"संध्याकाळी. एरेताला आणि पोराला घेऊन. सकाळीच निघालाय, आणि लाँचवर वायरलेस नाही."

मानेआबात दहा-बाराजण पडले होते. आजोबांनी आवाज मोठा केला, सगळ्यांना जाईल इतका, आणि तीन पिढ्या घरात ठेवलेली गोष्ट सांगून टाकली. बाहेरून येताना त्या माडाचं डोकं चर्चच्या क्रुसाखाली बरोबर आलं की समोर वाट. क्रूस डावीकडे सरकला तर खडक, उजवीकडे सरकला तरी खडक.

"पाणी निवळ असलं तर रंगावरून कळतं," ते म्हणाले. "आज कसं आहे?"

आज कसं होतं ते आम्ही बघतच होतो. दोन दिवस पश्चिमेचा वारा सुटला होता, आभाळ भरलेलं, आणि समुद्र खोबऱ्याच्या दुधासारखा पांढरा झाला होता. कड्यावर लाटा फुटत होत्या त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच दिसत होत्या.

"बाहेरच थांबला तर?" कुणीतरी विचारलं.

"हा वारा त्याला थांबू देणार नाही. कड्यावरच ढकलेल. बाळंतीण आहे बरोबर. अंधार पडायच्या आत तो आत यायला बघणार. मी असतो तरी तेच केलं असतं."

मी पळत वहिनीकडे गेलो. ती नीरफणस भाजत होती. मी सगळं एका दमात सांगितलं.

"मी पाडायला लावला," ती म्हणाली.

"पाडला मी."

"तू गप्प बस. तुला सांगितलं म्हणून तू पाडलास. माझ्या घरावरचं झाड होतं." तिचा आवाज फाटला. "दोन गेली रे तिची. आणि हे तिसरं मी..."

एवढी घाबरलेली मी तिला भाऊ गेला त्या दिवशीही पाहिली नव्हती.

तोवर गाव अंगणात लोटलं होतं. दोघांनी आजोबांना आळीपाळीनं पाठीवर घालून आणलं. माडाच्या जागी दुसरं काही उभं करायचं, हे त्यांनीच सुचवलं. सर्वांत मोठ्या होडीची डोलकाठी काढून आणली. वर बांधायला लांबून दिसेल असं काहीतरी हवं होतं, तेव्हा वहिनीनं रविवारचं लाल लुगडं पेटीतून काढून दिलं. काठी बुंध्यापाशी रोवायला दोघे धावले, तर आजोबा ओरडले, "तिथे नाही. माड वाकडा होता. डोकं कुठे होतं?"

आणि तिथेच सगळे अडकले. माड नव्हता, खोडाचे तुकडे झालेले. मी म्हणालो, बुंध्यापासून दहा पावलं. कुणी म्हणालं पंधरा, कुणी म्हणालं चर्चच्या बाजूला, कुणी म्हणालं विहिरीच्या. जन्मभर डोळ्यांसमोर होता तो, आणि एकालाही धड सांगता येईना.

"एक पाऊल इथे चुकलं तर तिकडे सहा पावलं चुकतात," आजोबा म्हणाले. "वाट आहे वीस पावलं रुंद."

सगळे बोलत असताना वहिनी खोपटाच्या कोपऱ्याकडे गेली. खाली बघत थोडी पुढे, थोडी मागे सरकली आणि एका जागी उभी राहिली.

"इथे," ती म्हणाली.

"कशावरून, वहिनी?"

"वाळक्या झावळ्या इथे पडायच्या. वारा नसेल तेव्हा सरळ खाली. तीस वर्षं उचलतेय मी."

"वारा असेल तेव्हा?" आजोबांनी विचारलं.

"पूर्वेचा असेल तर त्या दगडापाशी. पश्चिमेचा असेल तर खोपटामागे. आज सुटलाय तसा असेल तर त्याच्याही पलीकडे, शेवग्याजवळ. वारा नसेल तर इथे."

आजोबांनी क्षणभर तोंड तिच्याकडे वळवून ठेवलं. मग म्हणाले, "तिथेच रोवा."

वाळूत काठी ठरेना. वारा लुगड्यात भरून ती उलथवू बघत होता. चार बाजूंनी दोर ताणून आठजण उभे राहिले, मीही एका दोराला. तरी बूड सरकायला लागलं, तेव्हा वहिनी खाली बसली, पायांनी वाळू दाबली आणि दोन्ही हातांनी काठी बुडाशी कवटाळली. कुणी म्हणालं, वहिनी, तुम्ही सोडा, आम्ही धरतो. तिनं मिठी आणखी आवळली.

लाँच चारच्या सुमाराला दिसली. आजोबा माझ्या शेजारी बसले होते, माझी लुंगी धरून.

"काय करतोय?"

"कड्याच्या बाजूबाजूनं चाललाय."

"शोधतोय. आता?"

"परत फिरला. उलटा चाललाय."

"दिसत नाहीये त्याला. आता?"

मोठी लाट खालून गेली की लाँच नुसती टोपीएवढी दिसायची. छतावर एरेताची पिवळी पिशवी बांधलेली होती, ती मात्र ओळखू येत होती. खाली वहिनी लाँचकडे बघत नव्हती. काठीला कपाळ टेकून ती बुडाकडे बघत होती, एक बोट तरी सरकते का म्हणून.

"थांबला," मी म्हणालो.

"कुठे तोंड आहे?"

"उत्तरेला. नाही, वळतोय. आजोबा, आपल्याकडे तोंड केलं."

"लुगडं दिसलं त्याला," आजोबा म्हणाले. "आता बोलू नकोस."

लाँच थोडी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग इकडेतिकडे सरकेनाशी झाली, आणि सरळ आमच्या अंगावर यायला लागली. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या. एक मागून आली आणि लाँच तिच्याआड गेली. मी मोजलं नाही, पण तेवढ्यात मला माझी कुऱ्हाड, तो माड आणि सकाळी स्वतःवरच खूश झालेला मी, सगळं दिसून गेलं. मग ती पिवळी पिशवी वर आली. तिच्यापुढे पाणी सपाट होतं.

"आत आली," मी म्हणालो. नंतर कळलं की मी रडत होतो. आजोबांनी माझी लुंगी सोडली तेव्हा ती जवळजवळ सुटलीच होती. बाया हसायला लागल्या आणि मग सगळं गावच हसत सुटलं, नुसतंच, थांबता येत नाही म्हणून. कुणी दोर टाकले, कुणी वाळूत आडवं झालं. मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

उरिआम पाण्यातून चालत पहिला आला. त्यानं अंगणाकडे पाहिलं, बुंध्याकडे पाहिलं.

"माड?"

"मी पाडला," मी म्हणालो.

"तुला लाँचला बांधून दोन दिवस बाहेर फिरवायला पाहिजे."

"तसं करण्यापेक्षा मारून टाक."

तो हसला नाही. काठीपाशी जाऊन त्यानं क्रुसाकडे पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. "ही इथे कुणी लावायला सांगितली?"

"मी," वहिनी म्हणाली. ती अजून काठी धरूनच होती.

"बापानं मला ही जागा बाहेरून शिकवायला एक वर्ष घेतलं," उरिआम म्हणाला आणि तिच्याशेजारी वाळूत मटकन बसला.

एरेता छातीभर पाण्यातून पोर उंच धरून आली, मागोमाग पिशवी डोक्यावर घेतलेला नवरा. ओली, पिवळी पडलेली, पण हसत होती. तिला काही माहीतच नव्हतं. लाँच जरा इकडेतिकडे हिंडली एवढंच ती म्हणाली. सरळ आईपाशी आली आणि गुंडाळलेलं पोर तिनं पुढे केलं.

"घे, आई."

वहिनीनं काठी सोडली आणि हात पुढे केले. बोटं उघडेनात. काठीभोवती होती तशीच वाकडी राहिली होती, तळव्यांची सालं निघाली होती. तिनं एक हात दुसऱ्या हातानं सरळ करायचा प्रयत्न केला, तोही होईना.

"नको, नको, माझ्याकडे देऊ नकोस. पडेल." ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चार महिने हे हात शिवशिवतायत आणि आत्ता बघ यांना काय झालंय. तेबाओ, तू घे त्याला. नीट धर. झाड नाहीये ते."

मी घेतलं. मुठीएवढं डोकं, खाऱ्या पाण्याचे थेंब लागलेलं. मी खाली वाकून ते तिच्या तोंडाजवळ नेलं. वहिनीनं पोराच्या मानेत नाक खुपसलं आणि श्वास ओढून घेतला, पुन्हा घेतला, पुन्हा घेतला. पोर रडायला लागलं तरी ती बाजूला होईना. माझी पाठ भरून आली, हात भरून आले, पण तिचं मन भरेपर्यंत मी तसाच वाकून राहिलो.